वॉर्डातलं पंधरावं वर्ष: कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या मुलामुलींच्या मनात काय चालतं

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कॅन्सर निघाला की घरात बहुतेक वेळा पहिला निर्णय हाच होतो, की त्याला काही सांगायचं नाही. "गाठ आहे, काढली की झालं," "रक्तात इन्फेक्शन आहे," असं काहीतरी सांगून त्याला रात्रीच्या गाडीत बसवतात. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव करत गाडी पहाटे मुंबईला लागते. बाप टॅक्सीवाल्याला म्हणतो, "परळ, टाटा." टॅक्सीवाल्याला तेवढ्यावर सगळं समजतं. मुलाला समजलेलं नाही, असं फक्त घरच्यांना वाटत असतं.

मुलांना कळतंच. सलाईनच्या बाटलीवर औषधाचं नाव असतं, फाईल उशाशी पडलेली असते आणि हातात मोबाईल असतो. आई डोळे पुसून आत आली की बाहेर काय बोलणं झालं असेल, ते आठवीतलं पोरही ओळखतं. मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांचा वॉर्डात राहून अभ्यास केला. ती मुलं तर अवघी ३ ते ९ वर्षांची होती. कुणी सांगितलेलं नसतानाही आपला आजार किती गंभीर आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण आईवडिलांना त्रास नको म्हणून ती काही माहीत नसल्यासारखी वागत होती. ३ ते ९ वर्षांच्या मुलांचं हे, तर दहावीतल्या मुलाचं काय सांगावं!

आपल्याकडे हा लपंडाव प्रेमापोटीच चालतो, याबद्दल मला शंका नाही. पण त्याचा परिणाम उलटा होतो. भीती तेवढीच राहते, फक्त ती मुलाला एकट्याने सोसावी लागते. या वयाच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या आजारात भागीदार करून घ्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

वय कसलं आणि आजार कसला

तेरा ते एकोणीस या वयात माणूस घरापासून हळूहळू सुटा होत असतो. दोस्तमंडळींत जास्त रमतो, आरशापुढे जास्त वेळ उभा राहतो, काही गोष्टी आईला सांगत नाही. रात्रीची लाईट आली की एकटा शेतात जाऊन मोटर चालू करणारा मुलगा आता वॉर्डात संडासला जातानाही कुणाला तरी हाक मारतो. आई पुन्हा त्याला अंघोळ घालते, घास भरवते. डॉक्टर त्याच्या अंगाला हात लावतात, पण बोलतात बापाशी. ज्या वयात जे नुकतंच हाती आलेलं असतं, नेमकं तेच हा आजार काढून घेतो. त्यामुळे ही मुलं चिडली, गप्प झाली, भिंतीकडे तोंड करून पडली, तर त्यात उद्धटपणा शोधू नये.

दवाखान्यालाही हे वय नीट सामावून घेता येत नाही. लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवर ससे आणि फुलपाखरं असतात, शेजारी तीन वर्षांचं बाळ रडत असतं. मोठ्यांच्या वॉर्डात गेलं तर बाजूला साठीचे आजोबा कण्हत असतात. या वयासाठी वेगळा वॉर्ड हवा हा विचारच नवा आहे. ब्रिटनमध्ये तसा पहिला विभाग लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात १९९० साली सुरू झाला.

या वयात प्रामुख्याने दिसतात ते रक्ताचे कॅन्सर, लसीकाग्रंथींचे (लिम्फोमा) आणि हाडांचे. हाडाचा कॅन्सर बऱ्याचदा गुडघ्याच्या आसपास निघतो, आणि तोही उंची झपाट्याने वाढत असताना. म्हणून सुरुवातीला कबड्डीत मार लागला असेल, असंच सगळ्यांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांखालच्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. गरीब आणि मध्यम देशांत हे प्रमाण पुष्कळ कमी आहे, कारण निदान उशिरा होतं आणि उपचार अर्धवट सुटतात. म्हणजे मुलाला खरं सांगणं म्हणजे त्याची आशा मारणं नव्हे. खऱ्यातही आशा भरपूर आहे.

शरीर बदलतं तेव्हा

कीमोची (केमोथेरपीची) औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कॅन्सरच्या पेशी तशाच असतात. पण केसांची मुळं, तोंडाच्या आतलं अस्तर, आतडी आणि रक्त तयार करणारा बोन मॅरो हेही झपाट्याने वाढणारेच. कपाशीच्या शेतात तणनाशक मारताना वारा फिरला की तणाबरोबर पिकाचीही पानं करपतात, तसं होतं हे. केस गळतात, तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात. उपचार संपले की केस बहुतेकांना परत येतात, पण त्या दिवसांत ही माहिती फारसा दिलासा देत नाही.

केस साधारण दोन-तीन आठवड्यांत जायला लागतात. मुलगी असेल तर आईच जास्त रडते, वेणी हातात घेऊन बसते. मुलगा असेल तर "तुला काय, पुन्हा येतील," म्हणून विषय संपवतात. पण आपल्याकडे मुलाचं मुंडण कशाशी जोडलेलं असतं ते आठवा. गावात टक्कल केलेला पोरगा दिसला की पहिला प्रश्न येतो, "कोण वारलं?" टोपी घालून एसटीत बसलेला मुलगा याच प्रश्नाला घाबरत असतो. काही मुलं गळायची वाट न पाहता आधीच स्वतःहून केस काढून टाकतात. ते त्यांना ठरवू द्यावं. तेवढा तरी निर्णय त्यांचा राहतो.

मुलांत जास्त दिसणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये (एएलएल) पहिले चार-पाच आठवडे रोज स्टेरॉइड देतात. त्या काळात मूल ओळखू येत नाही. गाल फुगतात, झोप उडते, रात्री दोन वाजता भूक लागते आणि त्याला तेव्हाच भरीत-भाकरी नाहीतर शेवभाजी हवी असते. मुंबईत धर्मशाळेत राहणारी आई ती कुठून आणणार? नाही मिळाली की तो ताट ढकलतो, आईला नको ते बोलतो आणि पाच मिनिटांनी हमसून रडतो. हे औषध मेंदूवर काम करतं आणि मनाचा तोल ढळवतं, हे मुलाला आणि आईला दोघांनाही आधीच सांगून ठेवायला हवं. औषध थांबल्यावर हे हळूहळू उतरतं. सांगितलेलं नसेल तर मुलाला वाटतं, आपण वाईट झालो आणि आईला वाटतं, माझं लेकरू हातचं गेलं.

आणखी एक गोष्ट घरच्यांना नाटक वाटते. दवाखान्याचं फाटक दिसलं, स्पिरिटचा वास आला की सुई टोचायच्या आधीच मुलाला उलटी होते. काहींना लाल रंगाचं सरबत पाहूनही होते, कारण डॉक्सोरुबिसिन हे औषध लालभडक असतं. मागच्या खेपेला त्या वासानंतर, त्या रंगानंतर उलट्या झाल्या होत्या, ही जोडणी मेंदूने करून ठेवलेली असते. मनाशी ठरवून ती सुटत नाही. उलटीवर चांगली औषधं आहेत आणि ती पहिल्या कीमोपासून नीट दिली तर ही जोडणी बसायलाच आळा बसतो. म्हणून "सहन कर" म्हणण्यापेक्षा "डॉक्टरांना सांगू" म्हणणं बरं.

कीमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी तळाला जातात. या दिवसांत साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तरी, मध्यरात्र असली तरी, दवाखाना गाठायचा असतो. म्हणून मास्क, भेटायला येणाऱ्यांना बंदी आणि बाहेरचं खाणं बंद. जाड सालीची फळं बहुतेक ठिकाणी चालतात, त्यामुळे रावेर-यावलच्या पोराला निदान केळं तरी मिळतं, तेही डॉक्टरांना विचारून. पण दोस्त नाहीत, आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी जाणं नाही, श्रावणात कानबाईच्या रोटाला भावकी जमते त्यात आपण नाही. सगळे जण व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं हात हलवतात आणि फोन पुढच्याच्या हातात देतात. आपल्याशिवाय सगळं नीट चाललंय, हे पाहणं फार बोचतं.

जे मुलं बोलून दाखवत नाहीत

सगळ्यात जड ओझं पैशाचं असतं. वॉर्डात खाट आणि आईचा फोन यांत हातभर अंतर. "कापूस दिला का?" "म्हशीचं काय ठरलं?" "सोनाराकडे किती मिळाले?" हे सगळं मूल डोळे मिटून ऐकतं. बहिणीचं लग्न लांबलं, धाकट्याची शिकवणी बंद झाली, हे त्याला कळतं. मग एक दिवस तो म्हणतो, "मले नाही घ्यायचं औषध, घरी चला." लोकांना वाटतं, कंटाळला. खरं तर तो हिशोब करत असतो. त्याच्यासमोर हिशोब उघडा मांडला तर ओझं हलकं होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात आणि त्यात कॅन्सरचे उपचार आहेत. रेल्वेत उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रुग्णालयाच्या दाखल्यावर स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत असते. परळ आणि खारघरजवळ (टाटाची रुग्णालयं या दोन्ही ठिकाणी आहेत) राहण्याची सोय करणाऱ्या संस्था आहेत, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. हे मुलालाही सांगा. आपल्यापायी घर बुडत नाही, हे त्याच्या कानावर पडायला हवं.

दुसरं ओझं दोषाचं. आपल्या खानदेशात कॅन्सर म्हटलं की तोंडाचा आणि तोंडाचा म्हटलं की गुटखा. त्यामुळे गावात कुजबूज होते, "पोरगं खात असेल काहीतरी." कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं कुलदेवीचं राहिलं. मुलगी असेल तर घरचेच दार लावून घेतात, "उद्या लग्नाचं कसं?" या वयातले बहुतेक कॅन्सर पेशी वाढताना आपोआप झालेल्या बिघाडातून होतात. थोड्या मुलांत त्याला घराण्याचं कारण असतं. सवय, पाप, नजर यांचा काही संबंध नाही. एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही, मिठी मारल्यानेही नाही. नवस करायचा असेल तर जरूर करा, मनुदेवीला जा, सप्तशृंगीला जा, पण कीमोची तारीख चुकवू नका आणि "तू काय केलंस म्हणून हे झालं" असा प्रश्न मुलापर्यंत पोचू देऊ नका.

तिसरं, लाज. पंधरा वर्षांच्या मुलाचे कपडे सगळ्यांसमोर बदलले जातात. मुलीची पाळी बंद होते किंवा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असल्याने रक्तस्राव थांबत नाही, आणि हे तिला राउंडवरच्या घोळक्यात सांगावं लागतं. काही औषधांनी पुढे मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते. म्हणून वयात आलेल्या मुलांचं वीर्य उपचारांआधी गोठवून ठेवता येतं. पण हा प्रश्न बापासमोर, काकासमोर विचारला तर मुलगा मान खाली घालून "नको" म्हणणारच. पडदा ओढणं, घरच्यांना पाच मिनिटं बाहेर थांबवून मुलाशी एकट्याने बोलणं, याला पैसे लागत नाहीत.

आणि शेजारची खाट. महिनाभर जिच्याशी पत्ते खेळलो ती मुलगी सकाळी दिसत नाही, चादर बदललेली असते आणि विचारलं तर नर्स म्हणते, "घरी गेली." मुलांना हे उत्तर पटत नाही. ती पुन्हा विचारत नाहीत एवढंच. अशा वेळी खरं सांगावं, रडू द्यावं, आणि तुझा आजार वेगळा आहे, तुझे उपचार वेगळे आहेत, हेही सांगावं.

यावर वरून "तू तर वाघ आहेस" चा मारा. येणारा प्रत्येक काका-मामा तेच म्हणतो. वाघाला रडता येत नाही, म्हणून मूल रात्री पांघरुणात रडतं. बऱ्याच मुलांना बोलावंसं वाटतं ते रात्रीच, दिवे मंद झाल्यावर, ड्युटीवरच्या नर्सशी किंवा जागणाऱ्या आईशी. तेव्हा धीर देण्याची घाई करू नये. "भीती वाटते का?" एवढं विचारून थांबलं तरी पुष्कळ. आणि हे बोलणं घरच्या भाषेत झालेलं बरं. "माले घर जानं शे" असं अहिराणीत सांगता आलं तर मन मोकळं होतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला तर दवाखान्यातली मराठीही परकीच वाटते. त्याच्यासाठी आपल्या बोलीतला माणूस दिवसातून एकदा फोनवर मिळणं हाही उपचाराचा भाग समजावा.

सांगायचं कसं

एका बैठकीत सगळं सांगायचं नसतं. आईवडिलांना जमत नसेल तर त्यांच्यासमोर डॉक्टरांनी सांगावं. आजाराचं नाव घ्यावं. उपचार किती लांब चालतील ते सांगावं, कारण एएलएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते दोन ते तीन वर्षं चालतात आणि "एक महिन्याचं काम आहे" हे खोटं लवकरच उघडं पडतं. एकदा खोटं पकडलं की पुढे खरंही पटत नाही. ज्याचं उत्तर नाही तिथे "अजून सांगता येत नाही" म्हणावं. कागदावर सही १८ वर्षांखाली पालकांचीच लागते, पण मुलाला विचारूनच ती करावी. सुई कोणत्या हाताला, अंघोळ सकाळी की संध्याकाळी, भेटायला कोण आलेलं चालेल, या छोट्या गोष्टी त्याच्यावर सोडाव्यात.

सांगण्याचा रोकडा फायदाही आहे. रक्ताच्या याच कॅन्सरचा शेवटचा लांब टप्पा घरी गोळ्या खाऊन काढायचा असतो. मूल दिसायला ठणठणीत असतं, शाळेत जात असतं, त्याला सगळं विसरायचं असतं. या वयातच गोळ्या जास्त चुकतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका बराच वाढलेला दिसला. "ताकदीच्या गोळ्या" म्हणून दिलेल्या गोळ्या मूल खिडकीबाहेर टाकू शकतं. कशाच्या आहेत ते माहीत असेल तर स्वतः अलार्म लावून खातं.

शाळेबद्दल मास्तरांनी एवढं करावं, की नाव पटावर ठेवावं, वर्गाच्या ग्रुपमधून त्याला काढू नये, आणि तो परत आला की प्रार्थनेला उभं करून सत्कार करू नये. दहावी हुकली तर पुरवणी परीक्षा आहे, बाहेरून परीक्षा देण्याचा १७ नंबरचा फॉर्म आहे. मित्रांना काय लिहावं कळत नाही म्हणून ते गप्प होतात. काल मॅचमध्ये काय झालं ते लिहा, मास्तर कुणावर ओरडले ते लिहा. आजाराबद्दलच बोललं पाहिजे असं नाही.

उदास वाटणं साहजिकच आहे. पण दोन आठवडे रोजच मन लागत नसेल, आवडीचं काही नको वाटत असेल, मरणाचं बोलणं येत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

काही मुलं बरी होत नाहीत. तेव्हाही वेदना कमी करणारे उपचार पूर्ण द्यायचे असतात आणि मुलाला काय हवं ते विचारायचं असतं. बरीच मुलं घर मागतात. कुणाला गोठ्यापाशी बसायचं असतं, कुणाला एखाद्याशी भांडण मिटवायचं असतं. ते विचारायला फार धैर्य लागतं, पण न विचारल्याची खंत घरच्यांना पुढे जास्त छळते.

जी बरी होतात त्यांचंही मन लगेच सुटत नाही. उपचार संपले की घरी पेढे वाटतात आणि मूल मात्र बावचळतं. इतके दिवस औषध राखण करत होतं, आता कोण करणार? साधा ताप आला, पाय दुखला की "पुन्हा आलं का?" तपासणीच्या आधीचा आठवडा झोप लागत नाही. ही भीती तपासण्या लांबत जातात तशी कमी होते, पण तिला हसू नये. आणि दवाखान्यातून निघताना एक कागद मागून घ्यावा, ज्यावर आजाराचं पूर्ण नाव, कोणती औषधं किती दिली, किती रेडिएशन दिलं, हे लिहिलेलं असेल. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा परिणाम हृदयावर बऱ्याच वर्षांनी दिसू शकतो, त्यामुळे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला हे सांगावं लागेल. तो कागद बापाच्या कपाटात ठेवू नका. मुलाला बसवून, एकेक ओळ समजावून, त्याच्याकडेच द्या.